‘नैसर्गिक आहे ना, मग चालेल!’ : बाळाच्या बाबतीत विचारायचे चार प्रश्न

हे या भागाचं लेखी रूप. बाळ कुशीत झोपलंय आणि इयरफोन दुसऱ्या खोलीत राहिलेत, अशांसाठी खास. बोलताना आलेले ‘हं’ आणि ‘म्हणजे’ जमेल तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि सध्या पाच महिन्यांच्या मुलीची आई. बाळ घरी आल्यापासून मी एक वाक्य रोज ऐकते. शेजारच्या काकू म्हणतात, मावशी म्हणते, फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येतात: ‘अगं, नैसर्गिक आहे, काही होत नाही.’ आणि याच्या बरोबर उलट वाक्य इन्स्टावरच्या रील्समध्ये असतं: ‘जुनं सगळं चुकीचं, सगळं बंद करा.’

मला दोन्ही वाक्यं निरुपयोगी वाटतात, कारण दोन्हींमधून काहीच कळत नाही. धोतरा नैसर्गिक आहे, आईचं दूधही नैसर्गिक आहे. मग मी स्वतःसाठी चार प्रश्न ठरवले. कुठलीही गोष्ट बाळासाठी सुचवली गेली की विचारायचे:

१. नेमकं काय आहे?
२. किती द्यायचं?
३. शरीरात कुठल्या वाटेनं जाणार: तोंडातून, कातडीतून की श्वासातून?
४. बाळाचं वय किती?

आज या चार प्रश्नांत घरातल्या काही नेहमीच्या गोष्टी घालून बघूया.

वयाचा प्रश्न: मध आणि पाणी

जन्मल्यावर बाळाला मध चाटवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मध शुद्ध असला तरी त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतके जिवाणू नांदत असतात की या बीजाणूंना रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही गर्दी अजून झालेली नसते. तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतं, रडण्याचा आवाज क्षीण होतो, अंग सैल पडतं, दूध ओढता येत नाही. हे क्वचित होतं, पण झालं तर बाळाला व्हेंटिलेटर लागू शकतो. मध उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नाही. पुढे खुशाल द्या. मध तोच, फरक वयाचा.

पाण्याचंही तसंच. ‘उन्हाळा आहे, घसा कोरडा पडत असेल, दोन चमचे पाणी दे.’ आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पहिल्या दिवशी बाळाचं पोट बोराएवढं असतं. त्यात पाणी भरलं की दुधाची जागा जाते, आणि जास्त पाणी गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते, कडक उन्हाळ्यातसुद्धा. डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि व्हिटॅमिनचे थेंब एवढाच अपवाद.

‘किती’चा प्रश्न: गुटी

आता खरा नाजूक विषय. बाळगुटी.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, बदाम, खारीक अशा वस्तू सहाणेवर एकेक करून उगाळायच्या आणि तो लेप आईच्या दुधात कालवून बाळाला चाटवायचा. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे वेढे. जायफळाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन, आणि वय वाढेल तसे वेढे वाढवायचे. म्हणजे ‘किती’ हा प्रश्न आपल्या आज्यांना चांगलाच ठाऊक होता! वेढा हे त्यांचं मोजमाप होतं.

अडचण अशी की हे मोजमाप सारखं येत नाही. सहाण खरखरीत की गुळगुळीत, हात जड की हलका, जायफळ जुनं की ताजं, यावर एका वेढ्यात किती उतरेल ते बदलतं. आणि इथे चुकीला जागा फार कमी आहे. साधा हिशेब करा. माझं वजन ६० किलो, नवजात बाळाचं ३ किलो. म्हणजे वजनाच्या हिशेबानं तिचा एक चमचा म्हणजे माझे वीस चमचे. त्यात तिचं यकृत आणि मूत्रपिंडं अजून पूर्ण तयार नाहीत, त्यामुळे आत गेलेलं बाहेर टाकायलाही वेळ लागतो.

आता पहिला प्रश्न: नेमकं काय आहे? जायफळात गुंगी आणणारे घटक असतात. ‘गुटी दिली की शांत झोपते’ याचा एक अर्थ हाही असू शकतो, आणि गुंगीतलं बाळ दूध कमी पितं. वेखंडाच्या काही जातींत बीटा-ॲसरोन नावाचा घटक असतो. प्रयोगातल्या प्राण्यांवर त्याचे वाईट परिणाम दिसले म्हणून अमेरिकेत १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आली. शिवाय सहाण, बोट आणि वाटी यांतून जंतू जाण्याची शक्यता वेगळीच. म्हणून बहुतेक बालरोगतज्ज्ञ पहिल्या सहा महिन्यांत गुटी नको म्हणतात. त्यांना आजीचा राग नसतो. आत किती गेलं हे त्यांना मोजता येत नाही, एवढंच.

वाटेचा प्रश्न: धुरी आणि काजळ

ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून धुरी देतात. वास छान येतो. पण ओवा पोटात जाणं वेगळं आणि ओव्याचा धूर छातीत जाणं वेगळं. जळाल्यावर बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. लाकूड जाळलं तरी तेच, औषधी वनस्पती जाळली तरी तेच. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेतं, आपण १२ ते २० वेळा. घरातला धूर हे लहान मुलांच्या न्यूमोनियाचं एक मोठं कारण आहे. आणि पूर्वीच्या घरात कौलांतून, फटींतून धूर निघून जायचा. आपल्या फ्लॅटच्या बंद बेडरूममध्ये तो तिथेच राहतो. बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे.

काजळ: बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांमध्ये शिसं सापडलेलं आहे, आणि शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. घरी दिव्यावर धरलेल्या काजळात शिसं नसेलही, पण काजळी आणि बोट डोळ्यात जातंच. दृष्ट काढायची असेल तर तीट तळपायाला लावा. आमच्याकडे तसंच चालतं.

उन्हाची गोष्ट

हा माझा आवडता भाग, कारण यात एक नैसर्गिक गोष्ट मोजमापात आली की काय होतं ते दिसतं.

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच बाळांना कावीळ दिसते. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो, आणि यकृत अजून नवखं असल्यामुळे तो लवकर बाहेर पडत नाही. बहुतेकांची कावीळ आपोआप जाते. पण बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला आणि ऐकण्याला कायमची इजा होऊ शकते.

१९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलमध्ये सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्स होत्या. त्या बाळांना बाहेर उन्हात न्यायच्या. एका बाळाच्या अंगावर जिथे ऊन पडलं होतं तिथली पिवळी छटा कमी झाली होती, झाकलेला भाग मात्र तसाच पिवळा होता. तिथल्या डॉक्टरांनी हे मनावर घेतलं, प्रयोग केले, आणि १९५८ साली रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशानं कावीळ उतरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज रुग्णालयात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते हेच. निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो, आणि ते यकृताची वाट न बघता बाहेर पडू शकतं.

म्हणजे ‘कोवळं ऊन दाखवा’ म्हणणाऱ्या आजीची दिशा बरोबर होती. पण खिडकीतल्या उन्हात निळा प्रकाश किती मिळेल, बाळ किती वेळ उघडं ठेवता येईल, हे हातात नसतं. दिव्याखाली ते मोजता येतं. म्हणून पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला, तर उन्हाच्या भरवशावर बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

व्हिटॅमिन डीचंही तसंच. ते कातडीत तयार व्हायला उन्हातले यूव्ही-बी किरण लागतात, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फार कमी असतात. ढोबळ नियम असा की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हा ते पुरेसे असतात. म्हणजे दुपारी. तान्ह्या बाळाला त्या उन्हात ठेवता येत नाही, आणि आईच्या दुधात व्हिटॅमिन डी कमी असतं. म्हणून पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट थेंब सांगतात. इथे एक काम नक्की करा: बाटलीवरचं लेबल वाचा. काही थेंबांत एका मिलिलिटरला ४०० युनिट असतात, काहींत ८००. ब्रँड बदलला की मिलिलिटर बदलू शकतात.

जे मनापासून ठेवावं

सगळं बंद करायचं असं मी म्हणतच नाहीये. चारही प्रश्नांत पास होणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत.

खोबरेल तेलानं हलक्या हातानं मालिश. फक्त कानात-नाकात तेल घालायचं नाही, टाळूवर दाब द्यायचा नाही, नाक ओढून सरळ करायचं नाही. मोहरीचं तेल नवजात कातडीला त्रासदायक ठरू शकतं, ते टाळलेलं बरं.

बाळाला उघड्या छातीशी धरणं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मल्याबरोबर ती सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली सांगितलं. इथे प्रमाणाची भीती नाही, जितका जास्त वेळ तितकं चांगलं. आणि बाबासुद्धा हे करू शकतात बरं का!

बाळंतिणीसाठी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती. अळिवात लोह असतं, पण सहा महिने सांगितलेल्या लोहाच्या गोळ्यांची जागा खीर घेत नाही. दोन्ही घ्या. आणि ‘पाणी कमी पी’ हा सल्ला मात्र सोडून द्या. अंगावर पाजणारीला तहान जास्त लागते.

घरात हे बोलायचं कसं?

खरं सांगू? शास्त्र सोपं आहे, स्वयंपाकघर अवघड आहे. आमच्याकडे सासूबाईंनी त्यांच्या आईची सहाण गावाहून आणली होती. मी ‘नको’ म्हटलं असतं तर त्यांनी काय ऐकलं असतं? ‘तुम्ही दोन मुलं वाढवलीत ती चुकीची वाढवलीत.’ गुटी हा त्यांचा नातीबरोबरचा रोजचा वेळ होता. तो काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही, तर भांडण होणारच.

मग पुढच्या तपासणीला मी त्यांनाच डॉक्टरांकडे बरोबर नेलं. म्हटलं, ‘आई, तुम्हीच विचारा.’ त्यांनी विचारलं, डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. घरी आल्यावर मालिशचं काम पूर्णपणे त्यांच्याकडे गेलं. माझ्यापेक्षा त्यांचा हात शंभर पटीनं चांगला आहे. सहाण पुसून कपाटात ठेवलीये. सहाव्या महिन्यानंतर उष्टावणाला मऊ भात, वरण आणि नाचणीची खीर त्याच करणार आहेत.

घर विरुद्ध दवाखाना असं भांडण लावायची गरज नाही, याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, ताप बघणं, श्वास मोजणं, बाळ उबदार ठेवणं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. घर तेच, माणसं गावातलीच. नवीन होतं ते शिक्षण आणि मोजमाप. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, ते याच वाटेनं. त्या आल्या की चहा द्या आणि मनातलं सगळं विचारून घ्या.

शेवटी एक गोष्ट स्क्रीनशॉट काढून ठेवा. बाळ दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं, सुस्त पडलंय, झटके येतायत, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आहे (मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजा): यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय नाही, थेट दवाखाना. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुमच्या घरात कुठली गोष्ट ‘नैसर्गिक आहे’ म्हणून चालते? तिला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर काय आलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात त्यातलीच काही घेऊ. तोपर्यंत बाळाला पापा, आजीला नमस्कार. भेटूच!