रेझिलियन्स: लाकडापासून लोकलपर्यंत

'रेझिलियन्स' या इंग्रजी शब्दाच्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'मागे उसळणे'. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने हा शब्द वापरला तो चक्क प्रतिध्वनीसाठी! पुढे तो अभियंत्यांच्या हाती गेला. लाकूड किंवा पोलाद कायमचे न वाकता जेवढी ऊर्जा शोषते आणि भार उतरताच परत देते, ते त्याचे रेझिलियन्स. ते मोजता येते, त्यामुळे वादाला जागा नाही.

गुंता झाला 1973 मध्ये. कॅनेडियन परिसंस्थातज्ज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी दाखवले, की स्थैर्य वेगळे आणि रेझिलियन्स वेगळे. त्यांचे उदाहरण पूर्व कॅनडातल्या सूचिपर्णी जंगलांचे. तिथे ठरावीक वर्षांनी अळ्यांची धाड येते, फरची झाडे मोठ्या प्रमाणावर मरतात, त्यांखालची रोपे वर येतात. आकडे सतत वरखाली, तरी जंगल जंगलच राहते. उलट, वरवर शांत दिसणारी व्यवस्था एका धक्क्यात कायमची पालटू शकते.

मानसशास्त्रात एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी आणि घरातली भांडणे सोसलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी व्यवस्थित सावरलेली दिसली. त्यांना बहुधा आजी, मावशी, शिक्षक असे एखादे भरवशाचे माणूस लाभले होते.

वृत्तपत्रांनी मात्र शब्द सैल केला. मुंबईच्या लोकल गाड्यांत 11 जुलै 2006 रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर दुसऱ्याच दिवशी लोकल धावल्या आणि 'मुंबई स्पिरिट'चे गोडवे सुरू झाले. लोक कामावर परतले त्यात हजेरीपटाचा आणि घरभाड्याचा वाटा किती, हे छापून क्वचितच आले.