आसऱ्याला आणलेला कुत्रा : त्याचे भय आणि त्याची संगत

आश्रयगृहातून किंवा रस्त्यावरून घरी आणलेला कुत्रा पहिले काही दिवस अगदी गरीब भासतो. तो कोपऱ्यात निजून राहतो, आवाजही काढीत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो दारी आलेल्या पाहुण्यावर गुरगुरू लागतो, जिना उतरण्यास नकार देतो, किंवा रस्त्यात दुसरा कुत्रा दिसताच दोरीला हिसडे देत भुंकू लागतो. कुत्रा बिघडला, असा निष्कर्ष घरातील मंडळी काढतात आणि पुष्कळदा त्याची रवानगी जेथून आला तेथेच होते. वस्तुतः तो बिघडलेला नसतो. आरंभीचे मौन हे भयाचे मौन होते. घराची थोडी ओळख पटल्यावर त्याच भयाला वाचा फुटली, इतकेच. अशा कुत्र्यांच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी भय असते, आणि भयावर शिक्षेचा उतारा चालत नाही.

बंगळूर शहराचे उदाहरण घेऊ. तेथील महापालिकेने २०१९ साली केलेल्या गणतीत सुमारे ३ लक्ष १० हजार, तर २०२३ साली सुमारे २ लक्ष ७९ हजार भटके कुत्रे आढळले. क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी १९९१ साली याच शहरात 'कूपा' ही प्राणिसेवी संस्था स्थापन केली. पुढे तशा आणखीही संस्था निघाल्या आणि त्यांच्यामार्फत कुत्रा घरी आणण्याची रीत शहरात रुळली. असे कुत्रे साधारणतः दोन प्रकारचे असतात. काही गल्लीत जन्मलेले देशी कुत्रे, तर काही हौसेने विकत घेऊन पुढे टाकून दिलेले जातिवंत कुत्रे. दोघांचे भय सारखे दिसले, तरी त्याची कारणे निरनिराळी असतात.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी पिलांच्या वाढीचा दीर्घकाल अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचे मन ज्या ज्या गोष्टींशी परिचित होते, त्या त्या गोष्टी त्यास पुढे जन्मभर स्वाभाविक वाटतात, असे त्यांना आढळून आले. चौदा आठवडे माणसाचा संपर्कच न घडलेली पिले तर रानटी जनावराप्रमाणे माणसाला बुजू लागली. या क्रियेला शास्त्रीय परिभाषेत समाजीकरण म्हणतात. 'माणसाळणे' हा आपला जुना शब्द त्याहून गोड आहे खरा, पण तो अपुरा पडतो. कारण कुत्र्याला केवळ माणसाची नव्हे, तर शिटी मारणाऱ्या कुकरची, गरगरणाऱ्या पंख्याची आणि आपोआप मिटणाऱ्या दाराचीही सवय व्हावी लागते.

आता गल्लीतल्या कुत्र्याचा विचार करा. रिक्षा, भाजीवाला, शाळेची पोरे हे सारे त्याने त्या नाजूक काळात पाहिलेले असते. त्याने न पाहिलेली गोष्ट म्हणजे बंद खोली! म्हणून त्यास 'अशिक्षित' म्हणणे चूक होय. त्याचे शिक्षण दुसऱ्या शाळेत झाले आहे. पिंजऱ्यात वाढवून विकलेल्या जातिवंत कुत्र्याची गोष्ट नेमकी उलट असते. त्याला भिंती ओळखीच्या, पण रस्ता परका. घरी कुत्रा येताच तो कोणत्या शाळेतून आला हे विचारून घेतल्यास पुढील पुष्कळ श्रम वाचतात.

नाजूक काळ लोटला म्हणजे सारे संपले, असे मात्र नाही. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास चालविला आहे. त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनोळखी माणसाने भटक्या कुत्र्यांशी वारंवार भेटी ठेवल्या. काही कुत्र्यांस तो खाऊ देई, काहींस केवळ कुरवाळी. भेटी वाढत गेल्या तशी खाऊपेक्षा कुरवाळण्यानेच कुत्र्यांचा विश्वास अधिक जडला. प्रौढ कुत्राही माणसाशी नवे नाते जोडू शकतो, याला हा चांगला पुरावा आहे. तीन दिवसांत कुत्रा सावरतो, तीन आठवड्यांत रुळतो, तीन महिन्यांत घरचा होतो, असा एक आडाखा प्रचलित आहे. तो घाई आवरण्यापुरता उपयोगी आहे. त्याला सिद्धान्त समजू नये.

भय ओळखावे कसे? शेपूट पायांत घालणे सर्वांस ठाऊक आहे, परंतु ती फार पुढची पायरी झाली. त्याआधी कुत्रा तोंड फिरवितो, समोर खाद्य नसता ओठ चाटतो, झोप आलेली नसता जांभई देतो, कान मागे पाडतो. डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसू लागते. मग अंग ताठ होते, तो थिजल्यासारखा उभा राहतो, गुरगुरतो, दात विचकतो, आणि एवढ्यावरही समोरचा हटला नाही तर वसकन अंगावर येतो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारणे ही या विषयातील सर्वांत घातक चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. माराने भय जात नाही, केवळ सूचना नाहीशी होते. असा कुत्रा पुढे न गुरगुरता चावतो आणि लोक म्हणतात, याने काही कारण नसताना चावा घेतला.

कुत्र्यांचा कळप म्हणजे सत्तेची उतरंड, म्हणून धन्याने आपला धाक बसवावा, या समजुतीचाही येथे निकाल लावला पाहिजे. तिचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत आहे, आणि ती निरीक्षणे बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंबच असते, हे डेव्हिड मेक यांनी १९९९ साली दाखवून दिले. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांची पाहणी करून २०२० साली निबंध प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत तणावाची चिन्हे अधिक दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतील तणावसूचक संप्रेरकाचे प्रमाणही वाढलेले आढळले.

मग उपाय कोणता? पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्याला खाद्यापूर्वी ठराविक संकेत देण्याचा क्रम ठेवला, तेव्हा पुढे नुसत्या संकेतानेच त्याला लाळ सुटू लागली, हे शाळेतील मुलांनाही माहीत असते. या नियमाचा भयावर उपयोग मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने १९२४ साली करून दाखविला. पीटर नावाचा एक बालक सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असता पिंजऱ्यातला ससा दूर ठेवावयाचा आणि दिवसेंदिवस किंचित जवळ आणावयाचा, असा क्रम तिने ठेवला. अखेरीस पीटर सशाला हात लावू लागला. भीत्र्या कुत्र्याची चिकित्सा हीच होय. ती दोन गोष्टींवर उभी आहे : अंतर आणि क्रम.

समजा, कुत्रा इमारतीच्या लिफ्टला भितो. पहिल्या दिवशी त्याला लिफ्टजवळ नेऊच नये. जेथून दार दिसते, पण कुत्रा ताठ होत नाही, इतक्या दूर थांबावे. दार उघडल्याचा आवाज झाला की लगेच उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा द्यावा. आवाज आधी, तुकडा मागून. हा क्रम उलटला तर तुकडा हीच संकटाची वर्दी ठरते आणि कुत्रा तुकड्यालाही भिऊ लागतो. तो तुकडा नाकारील तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. आवाज होताच तो आपणहून आपल्या तोंडाकडे पाहू लागला, म्हणजे चार पावले पुढे जाण्यास हरकत नाही. असे दोन-चार मिनिटांचे पाठ पुरेत. ओढून लिफ्टमध्ये घातल्यास आठवड्याची कमाई एका क्षणात बुडते.

दुसऱ्या कुत्र्यांशी ओळख घडविण्याचे तंत्रही असेच आहे. संगतीची सवय लावावयाची म्हणून कुत्र्याला बागेत कुत्र्यांच्या घोळक्यात सोडणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणे. लसीचा क्रम पूर्ण होण्याआधी तर तेथे नेऊच नये. एक शांत कुत्रा निवडावा. दोघांच्याही घरापासून दूर, मोकळ्या रस्त्यावर, दोघांना पुरेशा अंतरावरून एकाच दिशेने चालवावे. समोरासमोर आणू नये. कुत्र्यांच्या रीतीत नाकासमोर चालून येणे हा उद्धटपणा आहे. दोरी सैल असावी, कारण ताणलेल्या दोरीतून माणसाची धास्ती कुत्र्यापर्यंत पोचते. अंतर हळूहळू घटवावे, क्षणभर हुंगू द्यावे आणि पुढे चालू पडावे.

गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या दृष्टीने आपला कुत्रा हा त्यांच्या हद्दीत शिरलेला परका होय. त्यांना खाऊ घालण्याच्या वेळा आणि जागा टाळाव्यात. ते धावून आले तर पळू नये. वळसा घेऊन सावकाश निघून जावे. कानाला पाडलेली खाच ही त्या कुत्र्याची नसबंदी झाल्याची खूण असते. त्या वेळी अलर्क रोगाची, म्हणजे पिसाळण्यावरची, लसही टोचतात. परंतु त्यानंतरच्या वार्षिक मात्रा मिळाल्या की नाहीत, हे त्या खाचेवरून कळत नाही.

घरात मुले असतील तर दोन नियम कडक पाळावेत : जेवणाऱ्या किंवा निजलेल्या कुत्र्याला हात लावू नये, आणि त्याच्या गळ्यात मिठी मारू नये. तोंडातील वस्तू हिसकावण्याऐवजी तिच्याहून चांगला पदार्थ पुढे करून अदलाबदल करावी. चावण्याची शंका असल्यास बाहेर नेताना जाळीदार मुसके घालावे. मळणीच्या बैलाला घालतात, त्यातलाच हा प्रकार. ते इतके प्रशस्त हवे की कुत्र्याला आत जीभ बाहेर काढून धापा टाकता याव्यात आणि पाणी पिता यावे. त्याची सवयही तुकडे देत घरीच लावावी.

इतके करूनही चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. रक्त आले असल्यास जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून थांबू नये. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, कारण अलर्काचे विषाणू लाळेत उतरल्यावर कुत्रा सहसा इतके दिवस धडधाकट राहू शकत नाही. तो तसा राहिला तर पुढील मात्रांचे काय करावे, ते डॉक्टर ठरवितात. मग त्याच कुत्र्याला पशुवैद्याकडे नेऊन कान, दात आणि सांधे तपासून घ्यावेत. एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी चावला, तर पुष्कळदा त्याला कोठे तरी दुखत असते.