सोचीतली चार मिनिटं

फिगर स्केटिंगमधल्या बाकी सगळ्या उड्या पाठमोऱ्या सुरू होतात. ॲक्सल तेवढी समोर तोंड करून घ्यायची, आणि उतरायचं मात्र पाठमोरंच. म्हणून ‘ट्रिपल’ म्हटलं तरी हवेत साडेतीन फेरे होतात, तेही सेकंद पुरा व्हायच्या आत. खाली येताना सगळा भार एका पायाच्या पात्यावर. महिलांमध्ये ही उडी स्पर्धेत पहिल्यांदा साधली मिदोरी इतोनं, १९८८ मध्ये. इतो जपानमधल्या नागोयाची. १९९० साली जन्मलेली माओ असादाही तिथलीच, आणि माचिको यामादा या दोघींच्याही गुरू.

माओची मी भक्त आहे हे आधीच सांगून टाकते. पुढचं त्या हिशेबानं वाचावं.

डिसेंबर २००५ मध्ये, पंधराव्या वर्षी तिनं तोक्योत ग्रां प्री फायनल जिंकली, तीही तेव्हाची जगज्जेती इरिना स्लुत्स्काया हिला मागे टाकून. दोनच महिन्यांनी तुरिनचं ऑलिंपिक होतं. पण त्यासाठी १ जुलै २००५ पूर्वी पंधरा वर्षं पूर्ण हवी होती आणि माओचा वाढदिवस २५ सप्टेंबरचा. तीन महिनेसुद्धा कमी पडत नव्हते, तरी दार बंद.

२०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकला तिनं एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सल मारल्या. महिलांमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं. तरीही सुवर्ण गेलं दक्षिण कोरियाच्या किम यु-नाकडे, २२८.५६ विरुद्ध २०५.५० गुणांनी. निकाल योग्यच होता. किमच्या सफाईला त्या रात्री तोड नव्हती. (इतर भक्तमंडळी माझ्यावर चिडतील, चिडू देत.) मला थोर वाटतं ते माओनं त्यानंतर केलेलं काम. दोनदा जगज्जेती झालेल्या या मुलीनं नोबुओ सातो यांच्या हाताखाली आपल्या उड्या मोडल्या आणि पायापासून पुन्हा बसवल्या. निकाल घसरले, टीका झाली. त्यातच डिसेंबर २०११ मध्ये स्पर्धेसाठी क्वेबेकला पोचल्यावर आई अत्यवस्थ असल्याचं कळलं. ती तशीच परत फिरली, पण आईची भेट झाली नाही. त्याच महिन्यात ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि जिंकली.

मग फेब्रुवारी २०१४, सोचीचं ऑलिंपिक. शॉर्ट प्रोग्राममध्ये ट्रिपल ॲक्सलवरच ती पडली आणि पुढचंही सगळं विस्कटलं. ५५.५१ गुण, सोळावा क्रमांक. पदकाचा प्रश्नच मिटला. जपानच्या एका माजी पंतप्रधानांनी तर, ही मोक्याच्या वेळी हमखास पडते, अशा अर्थाचं जाहीरपणे बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फ्री स्केटिंगची सुरुवात तिनं केली ती त्याच ट्रिपल ॲक्सलनं! दुसरी कुणी असती तर मुकाट्यानं डबल मारून मोकळी झाली असती. संगीत रॅखमनिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्सर्टोचं, नृत्यरचना तात्याना तारासोव्हाची, अंगात निळा पोशाख. उडी बसली. मग एकामागून एक, एकूण आठ ट्रिपल, सहाही प्रकारच्या. शेवटच्या पदन्यासात तर दमल्याचं चिन्ह नाही, उलट वेग वाढलेला. संगीत थांबलं, तिनं मान वर केली, चेहरा रडवेला झाला, आणि लगेच स्वतःला सावरून हसत तिनं प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. पंचांनी काही उड्यांत खोट काढलीच, तरी १४२.७१ गुण, तोवरची तिची सर्वोत्तम कामगिरी. एकूण सहावा क्रमांक.

महिन्याभरानं साइतामाला शॉर्ट प्रोग्राममध्ये ७८.६६ गुणांचा विश्वविक्रम करून तिनं तिसरं जगज्जेतेपद मिळवलं, २०१७ मध्ये निवृत्ती घेतली. साइतामाचं सुवर्ण मला पाठ नाही. सोचीचा सहावा क्रमांक मात्र मी उडी-उडीगणिक सांगू शकते, आणि जपानमध्ये असं सांगणारी माणसं पैशाला पासरी मिळतील.