धिक्कार कोणाचा?

परवां पानावर आमटी खारट लागली म्हणून आमच्या नातवानें 'धिक्कार असो!' अशी आरोळी ठोकली. घरांत हंशा पिकला. स्वयंपाक त्याच्या आजीचा होता, आम्हांस घास गोड लागेना.

'धिक्' हें संस्कृत अव्यय. त्याच्या योगें द्वितीया येते, 'धिक् त्वाम्'. 'निषेध' म्हणजे मुळांत मनाई. 'विधिनिषेध' या जोडींत तो अर्थ अजून टिकला आहे. निषेध कृत्याचा करावा. धिक्कार प्रायः माणसावरच जाऊन बसतो. आमच्या सोलापुरांतील कानडी शेजाऱ्यांच्या 'धिक्करिसु'मध्यें न जुमानण्याचाही अर्थ आहे. ज्या सत्तेनें १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या सोलापूरकरांस येरवड्यास फांशीं दिलें, तिला धिक्कारणें दोन्ही भाषांत शोभतें.

शिक्षक असतांना, गृहपाठ न आणणाऱ्या एका मुलास आम्हीं भर वर्गांत 'धिक्कार असो तुझा' असें म्हटलें होतें. दुसऱ्या दिवशीं वही पुरी होऊन आली. पण वर्षभर त्यानें आमच्याकडे मान वर करून पाहिलें नाहीं.

नातवास हें सांगितलें.

"मग आमटीला काय म्हणूं?"

"खारट म्हण."