स्क्रीन प्रिंटिंगचा घरचा धंदा सावरताना : पोलादनगरी भिलाईतील वारसांपुढील पेच

भिलाईची ओळख पोलादाशी जोडलेली आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गजवळच्या या परिसरात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन स्थिरावली. त्यात शेजारच्या विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. अशा कारखान्याच्या गावात नोकरीला जोड म्हणून लहान व्यवसाय उभे राहतात. घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबले, लाकडी फ्रेमा आणि शाईचे डबे एवढ्या भांडवलावर सुरू होणारे स्क्रीन प्रिंटिंग हा त्यांपैकीच एक.

गेल्या पंचवीस वर्षांत या व्यवसायाचे नेहमीचे काम एकेक करून हातचे गेले. कापडी फलकांची जागा फ्लेक्सने घेतली, व्हिजिटिंग कार्डे डिजिटल यंत्रावर छापली जाऊ लागली आणि लग्नपत्रिकांच्या प्रतींची संख्या मोबाईलमुळे घटली. वडील थकले किंवा निवर्तले की मुलासमोर किंवा मुलीसमोर प्रश्न येतो : दुकान चालवायचे की फ्रेमा भंगारात द्यायच्या?

हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सोडवला जातो. कर्ज काढून नवे यंत्र आणणे हे पुनरुज्जीवनाचे पहिले पाऊल समजले जाते. वास्तविक पहिले पाऊल कपाटातील कागदपत्रांकडे वळायला हवे.

भागीदारी कायदा, १९३२ नुसार करारात वेगळी तरतूद नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. दोघांच्याच संस्थेत एक गेल्यावर भागीदारी उरतच नाही. एकल मालकीच्या दुकानाची वस्तू व सेवा कर नोंदणी मालकाच्या पॅनशी बांधलेली असते, त्यामुळे वारसाला स्वतःची नवी नोंदणी घ्यावी लागते. जुन्या खात्यातील शिल्लक कर-परतावा आयटीसी-०२ या अर्जाद्वारे वर्ग करता येतो, मात्र हा अर्ज अनेकदा राहूनच जातो. त्याहून गंभीर बाब देण्यांची आहे. मालकाच्या मृत्यूनंतर धंदा बंद केला, तर थकीत वस्तू व सेवा कराची वारसावरील जबाबदारी मृताच्या मालमत्तेपुरती मर्यादित असते. धंदा पुढे चालवला, तर ते थकीत देणे चालवणाऱ्यावर येते. म्हणून दुकानाची किल्ली हाती घेण्यापूर्वी बाकी किती आहे, हे लेखापालाकडून लेखी घेतलेले बरे. भावाबहिणींच्या हिश्श्याचा लेखी निवाडाही याच टप्प्यावर व्हावा. दुकान पुन्हा चालू लागल्यावर तो गोडीने होत नाही.

यानंतर प्रश्न येतो कामाच्या निवडीचा आणि इथे तंत्र समजून घेणे आवश्यक ठरते. फ्रेमवर ताणलेल्या पॉलिस्टरच्या जाळीवर प्रकाशसंवेदी रसायनाचा लेप देतात. त्यावर नक्षीची पॉझिटिव्ह फिल्म ठेवून प्रकाश दिला, की उघडा भाग कठीण होतो आणि झाकलेला भाग पाण्याने धुऊन निघतो. त्या मोकळ्या छिद्रांतून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्विजीने, शाई खाली दाबली जाते. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र फ्रेम लागते. साहजिकच पहिली प्रत महाग आणि पुढची प्रत्येक स्वस्त, असे या छपाईचे गणित आहे. डिजिटल छपाईत पहिल्या आणि हजाराव्या प्रतीचा खर्च जवळपास सारखाच असतो. वीस प्रती आणि सहा रंग असे काम स्क्रीनवर घेणे म्हणजे तोट्याला आमंत्रण. एक-दोन रंग आणि मोठी संख्या असेल, तर पारडे उलटते.

दुसरे बलस्थान शाईच्या थराचे. ऑफसेटपेक्षा हा थर कितीतरी जाड बसतो आणि कागदाखेरीज लोखंड, काच, प्लास्टिक, कापड यांवरही तो धरतो. सौर घटावरील चांदीच्या बारीक रेषाही याच पद्धतीने उमटवल्या जातात. यंत्रांच्या नामपट्ट्या, नियंत्रण फलकांवरील खुणा, धोक्याच्या सूचना, शिरस्त्राणांवरील चिन्हे ही कामे पोलादनगरीत कुठेही शोधायला जावी लागत नाहीत. शिवाय १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आणि त्याच वर्षअखेर प्लास्टिक पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन झाली. दुकानदार कापडी पिशव्यांकडे वळले, तर त्यांवर नाव छापण्याचे काम स्क्रीनलाच सोयीचे आहे.

अडचणीतील घरगुती छापखाना दुसऱ्या हातांनी सावरल्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. व्यवस्थापन बंधू राजवर्मा यांच्याकडे होते. चित्रे घरोघरी पोहोचली, पण हिशेब जुळला नाही. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. कर्ज वाढतच गेले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो तेथीलच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकण्यात आला. श्लायशर यांनी देवदेवतांची चित्रे छापणे थांबवले नाही, परंतु त्याच जोडीला व्यापारी लेबले आणि जाहिरातींची कामे घेतली. कलासमीक्षकांना हा बदल फारसा रुचलेला नाही. छापखाना मात्र १९७२ च्या आगीपर्यंत चालला. तंत्र वेगळे असले, तरी आज लग्नपत्रिकेकडून नामपट्टीकडे वळणाऱ्या वारसाचा निर्णय त्याच जातीचा आहे.

कारखान्यांना माल पुरवताना उधारी हा मुख्य शत्रू ठरतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज आकारता येते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी पुरवठ्यापूर्वीच ‘उद्यम’ नोंदणी असणे हिताचे. वडिलांच्या नावावरील एकल मालकीची नोंदणी इथे उपयोगी पडत नाही. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करण्याचे उद्दिष्ट २०१८ च्या दुरुस्तीने दिले असून, निविदेसोबतच्या अनामत रकमेतूनही त्यांना सूट आहे.

राहता राहिला कारागीर. फ्रेमचा ताण, शाईचा दाटपणा, दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसवणे ही जाण अनेक दुकानांत मालकापेक्षा जुन्या कामगाराच्या हातात असते. त्याचा थकलेला पगार देणेकऱ्यांच्या यादीत सर्वांत वर असावा. तो दुसरीकडे गेला, तर कारखान्याने मागितलेला नामपट्टीचा पहिला नमुनाही वेळेवर तयार होणार नाही.