वारा, धूळ आणि दमट हवा : धातू कसा झिजतो?

चंदीगड : येथील कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधील ‘ओपन हँड’ हे शिल्प वाऱ्याच्या झोताबरोबर फिरते. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या संकल्पनेतील हे 26 मीटर उंचीचे स्मारक 1985 मध्ये उभे राहिले. त्याच्या धातूच्या भागाचे वजन सुमारे 50 टन आहे. उघड्यावरील अशा फिरत्या रचनेवर दोन आघात होत असतात : घर्षणाने होणारी झीज आणि हवामानामुळे चढणारा गंज.

या दोन्ही प्रक्रिया परस्परांना बळ देतात. घर्षणामुळे पृष्ठभागावरील संरक्षक थर निघून जातो. उघड्या पडलेल्या लोखंडाला ओलावा आणि प्राणवायू मिळताच त्यावर गंज चढतो. गंजाचे सुटे कण सांध्यात अडकून घर्षण आणखी वाढवतात. उन्हाळी वादळांतील धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. ते साध्या पोलादापेक्षा कठीण असल्याने वंगणात मिसळल्यास धातू खरवडू लागतात.

सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांपलीकडे गेली, की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर साचतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. चंदीगडमध्ये पावसाळ्यात आणि हिवाळी धुक्यात ही स्थिती निर्माण होते. धुरातील सल्फर डायऑक्साइड या थरात विरघळल्यास तो आम्लधर्मी बनतो.

किनारपट्टीवर यात मिठाची भर पडते. क्षारांतील क्लोराइड संरक्षक थर भेदते, तर हवेतील ओलावा शोषून घेणारे क्षार धातूचा पृष्ठभाग ओला ठेवतात. मालवण येथील राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी, अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला. त्याचे नट-बोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्यापूर्वीच नौदलाला कळवले होते.

काँक्रीटमधील सळ्याही या धोक्यापासून मुक्त नाहीत. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कधर्मिता घटते आणि सळ्यांचे संरक्षण संपते. मूळ लोखंडापेक्षा गंज अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीटला आतून तडे जातात. 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सच्या इमारती उघड्या काँक्रीटच्याच आहेत.

त्यामुळे देखभालीचे वेळापत्रक स्थानिक हवामानानुसार ठरवावे लागते. कोरड्या, धुळीच्या प्रदेशात फिरते सांधे बंदिस्त ठेवणे आणि वंगण वेळेवर बदलणे महत्त्वाचे असते; किनाऱ्यावर जस्ताचा लेप, योग्य प्रतीचे स्टेनलेस स्टील आणि बोल्टची वारंवार तपासणी आवश्यक ठरते.