एमसीबी बंद, तरी ईएलसीबी पडतोच

जुलै लागला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत वायरमनच्या फोनला उसंत नसते. बहुतेकांची तक्रार एकच: ईएलसीबी सारखा पडतोय. वीज कुणाची, याच्याशी त्याचा संबंध नाही. अंधेरी-बोरिवलीत १९२९च्या बीएसईएसच्या जागी पुढे रिलायन्स आली, २०१८मध्ये अदानी; मुलुंडला महावितरण. मीटरच्या पुढचं वायरिंग मात्र सगळीकडे ग्राहकाचंच.

हल्ली पेटीत असतो तो आरसीसीबी. बोलण्यात जुनं नाव टिकलं आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परततो का, हे तो पाहतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपियर गळतीच्या आतच पडतो. एवढ्याशा गळतीचा एमसीबीला पत्ताही लागत नाही; तो ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी.

गळती शोधायला पेटी उघडावी लागत नाही. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. सगळे एमसीबी खाली करायचे आणि सगळे प्लग उपसायचे. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण ते फक्त फेज तोडतं. मग आरसीसीबी वर करून एकेक एमसीबी चढवायचा, शेवटी एकेक प्लग. गीझरचा प्लग लावताच सगळं बंद पडलं, तर चोर सापडला. बहुधा त्याचं एलिमेंट गेलेलं असतं.

पण सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडला तर? घरातले बहुतेक एमसीबी सिंगल पोल. ते फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. ओल आलेल्या भिंतीत तो कुठेतरी अर्थला लागला असेल, तर घरात काहीच चालू नसलं तरी न्यूट्रल आणि अर्थमधल्या थोड्याशा व्होल्टेजमुळे करंट वाट चुकतो. इथे घरच्यांनी थांबावं. परवानाधारक वायरमन मेन बंद करून न्यूट्रल वेगळे करतो आणि ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावतो. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं, तर ती तार बदलायची. ‘डायरेक्ट करून देतो, पडणारच नाही’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

ढिल्या जॉइंटपुढे मात्र आरसीसीबीही आंधळा. तिथे गरम झालेला स्विच, तपकिरी पडलेला प्लग आणि जळका वास हीच खूण.

टेस्टर दोन्ही भोकांत पेटला, की लोक ‘डबल फेज आला’ म्हणतात. बहुतेकदा न्यूट्रल तुटलेला असतो आणि चालू ठेवलेल्या दिव्यातून फेजच परत येत असतो. शेजाऱ्यांकडेही काही दिवे भगभगीत, काही मंद दिसले, तर इमारतीचा न्यूट्रल गेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी घराचा मेन बंद करून वीज कंपनीला फोन लावायचा. मीटर रूममध्ये स्वतः हात घालायचा नाही.